हवा किती पौंड?

दसरा झाल्यावर साताऱ्याहून वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तर पुतण्या अंगणात उसाची ट्रॉली जॅकवर चढवून बसलेला. हंगाम तोंडावर आलेला. दोन्ही ट्रॉल्यांना तो रिमोल्ड टायर घालणार होता.

मी मराठीचा मास्तर, टायरमधलं मला काय कळतं? पण गेल्या हंगामात पेठ नाक्याच्या अलीकडे त्याचा टायर फुटला, तेव्हा भरल्या ट्रॉलीवर टोळीतली दोन बायामाणसं बसली होती. ट्रॉली कलंडली नाही, एवढंच. त्यातल्या एकीच्या मांडीवर तान्हं पोर होतं. म्हणून बोललो.

"नाना, जुनेपण अजून चालले असते. नक्षी बघा की, झिजलीय कुठं?"

हीच फसगत आहे. ट्रॉली निम्मं वर्ष उन्हात उभी असते. टायर झिजत नाही, पण रबर वाळतं, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा, ही त्याची जन्मतारीख. तिथेच तो किती भार पेलेल आणि त्या भाराला किती हवा लागेल तेही छापलेलं असतं. एकाच मापाच्या दोन टायरांची ताकद वेगळी असू शकते. दुकानात आपण फक्त माप सांगतो आणि भाव विचारतो.

आणि हवा! आमच्याकडे ती लाथ मारून तपासतात. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, तापते, आणि शेवटी फुटते. लोक दोष देतात उन्हाला. हवा बघायची ती सकाळी निघण्याआधी, टायर गार असताना, गेज लावून. चालून तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसतो, म्हणून हवा सोडायची नाही.

माझं तर म्हणणं आहे, कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन इतकं काटेकोर बघतात, तिथेच परत निघताना एक गेज लावायला काय हरकत आहे? टायरचे पैसे घालणारा एक आणि त्यावर बसणारा दुसरा, असं असलं की हिशेब चुकतोच. (मजुरांना भरल्या ट्रॉलीवर बसवूच नये, हे आहेच. पण पहाटे तीनला फडातून त्यांनी यायचं कसं, हे कुणी सांगत नाही.)

पुतण्याने ऐकून घेतलं, मग उठून माझ्या गाडीपाशी जाऊन खाली वाकला.

"नाना, शून्य नऊ चौदा."

गाडी फारशी चालत नाही, असं मी म्हणणार होतो. गप्प बसलो.

माझे चारही त्याच आठवड्यात बदलले. त्याने पुढच्या ट्रॉलीला नवे घेतले. मागचीचं संक्रांतीनंतर बघू म्हणाला.