परसबाग : पडवीतील रोपे
शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण १५ मे रोजी येतो. त्या सुमारास वांगी व मिरची यांचे बी पेरल्यास २४ जूनच्या, संत योहानाच्या सणाच्या आसपास रोपे लावणीस येतात. परंतु बेळगाव-खानापूरकडे वळवाची एक जोरदार सर उघड्या वाफ्यातील कोवळे अंकुर मातीत गाडून टाकते. म्हणून उजेडाच्या पडवीत खोके ठेवून त्यावर कामट्या वाकवाव्यात व पारदर्शक प्लास्टिक पसरावे. खोक्याच्या तळास भोके असावीत; आत माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समभाग घालावे. बी पाव ते अर्धा इंच खोल पेरावे.

पाण्याचा अतिरेक हाच रोपांचा खरा शत्रू होय. कोंदट ओलाव्यात बुरशी माजते, देठ मातीलगत सडतो आणि रोप एका रात्रीत आडवे होते. यास्तव वरची माती सुकू लागली म्हणजेच सकाळी झारीने पाणी द्यावे. दुपारी आच्छादनाची टोके उघडावीत.

लावणीपूर्वी आठ दिवस आच्छादन रोज अधिकाधिक वेळ दूर ठेवावे, म्हणजे रोपे ऊनवारा सोसू लागतात. आईबापहो, मुलांचेही असेच नव्हे काय? मायेचे छप्पर हवेच. पण ते वेळीच उचलावयासही हवे.