खांद्याची सबुरी

यंदा आकाशकंदील टांगला तो चिरंजीवांनी. माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी फाटलेली दोरी, म्हणजे कंडरा, शिवून २ महिने झाले. "ऑपरेशन फसलं!" शेजारच्या काकूंनी निकाल दिला आणि तेलाची बाटलीही! धास्ती मलाही वाटली. डॉक्टर म्हणाले, "टाके नुसते धरून ठेवतात, कंडरा हाडाशी सांधायला ३ महिने तरी लागतात. तोवर हात फार हलवला तर शिवण उसवते, मुळीच न हलवला तर सांधा आखडतो. आखडलेला खांदा बहुधा वर्षभरात व्यायामाने सुटतो." मात्र वाचकहो, ताप आला, जखम वाहू लागली किंवा वर जाणारा हात एकाएकी उचलेनासा झाला, तर काकूंचे तेल राहू द्या, तडक डॉक्टर गाठा!