राजीनाम्याआधी सहा महिने

"नोकरीत मन रमत नाही. कॉम्प्युटरचं काहीतरी करावं म्हणतो." तिशीतल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य आले की घरात शांतता पसरते. मुलगा बँकेत नाहीतर चाकणच्या कारखान्यात असतो, घराचा हप्ता चालू असतो. वडील 'कायम नोकरी' हे दोन शब्द मंत्रासारखे उच्चारतात. सून गप्प असते, कारण महिन्याचा हिशेब तिच्याकडे असतो.

मन नक्की कशात रमत नाही, हे त्याला कोणीच विचारत नाही. कामात की साहेबात? साहेबाचाच जाच असेल तर बदलीचा अर्ज स्वस्त पडतो. संगणकाच्या क्षेत्रातही साहेब असतात, आणि नवनिर्मिती वाट्याला क्वचित येते. बरेचसे काम दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचण्याचे, त्यातली चूक हुडकण्याचे आणि ती काढताना दुसरी होऊ न देण्याचे असते. पूर्वी लेजरचा बॅलन्स एका रुपयाने टॅली होईना, की काहीजण घड्याळ बघत आणि काहीजण पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज सुरू करीत. हे क्षेत्र त्या दुसऱ्या जातीच्या माणसांचे आहे.

बँकांत यंत्रीकरणाचा करार १९८३ साली झाला, पुढच्याच वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. शाखांतून यंत्रे आली तेव्हा मोठी चणचण भासली ती व्याज कसे लागते हे पक्के ठाऊक असलेल्या माणसांची. बटणे कोणालाही शिकवता येत.

म्हणून 'कोणती लँग्वेज शिकू?' हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पायथन फुकट मिळते, त्याने सुरुवात करावी. बँकेतल्या मुलाने बचत खात्याच्या व्याजाचा प्रोग्रॅम स्वतः लिहून पाहावा. ३१ मार्च २०१० पर्यंत हे व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर लागे. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर लागते. सोपे वाटते ना? मग लीप वर्ष येते, दर मध्येच बदलतो, एखादी नोंद मागच्या तारखेने पडते आणि उत्तर चुकते. कारखान्यातल्याने स्टोअरमधल्या मालाचा हिशेब घ्यावा. रोज तास-दीड तास, सहा महिने. ही कटकट गोड वाटली तर पुढचे बोलावे. आयआयटीच्या प्राध्यापकांची 'एनपीटेल'वरची व्याख्याने फुकट पाहता येतात, मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरी सांभाळून होते. पुण्याच्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण वेळ मागतो. तो नंतरचा प्रश्न.

सोपे प्रोग्रॅम आता यंत्रच लिहून देते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, तेव्हापासून नवशिक्याची धास्ती वाढली आहे आणि ती खोटी नाही. पण यंत्राने काढलेले व्याज बरोबर आहे का, हे ओळखायला खाते चालवलेला माणूसच हवा. प्रोग्रॅम तपासणे किंवा बँकेची गरज प्रोग्रॅमरला समजावून सांगणे, हीसुद्धा या क्षेत्रातली पगारी कामे आहेत.

'नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासकडून ती हमी आधी लेखी मागावी. फीसाठी प्रॉव्हिडंट फंडाला हात लावू नये. आणि सहा महिन्यांचे हप्ते व घरखर्च वेगळ्या खात्यात पडेपर्यंत राजीनाम्याचा कागद टाइप करू नये.