संग्रहालयाचे दार आणि दारावरचा माणूस

प्रवेशद्वारापाशी पायऱ्यांशेजारी उतार बांधला, त्याला कठडा लावला आणि चाकाच्या खुर्चीचे निळे चिन्ह भिंतीवर रंगविले, की संग्रहालय दिव्यांगांसाठी सुगम झाले, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या सार्वजनिक व्यवहारात रूढ झाली आहे. उताराची आवश्यकता कोणीच नाकारणार नाही. परंतु उतार प्रेक्षकाला दारापर्यंतच नेतो. दाराच्या आत त्याला नेतो तो माणूस. तो माणूस या कामासाठी तयार केलेला नसेल, तर उतारावरचा सारा खर्च व्यर्थ ठरतो.

एखादा अंध विद्यार्थी मित्रासमवेत संग्रहालयात आला आहे, अशी कल्पना करावी. तिकीट खिडकीवरील लेखनिक त्याच्याशी न बोलता मित्राला विचारतो, "हे आत जाऊन काय पाहणार?" दालनातील पहारेकरी मदत करण्याच्या सद्भावनेने त्याचा दंड धरून त्याला ओढत नेतो, आणि त्याचा हात एखाद्या दगडी मूर्तीकडे वळताच तोच पहारेकरी दरडावतो. अर्ध्या तासात विद्यार्थी बाहेर पडतो, तो पुन्हा न येण्याच्या निश्चयानेच. यात कोणाचाही दुष्टावा नाही. वस्तूला हात लागू द्यायचा नाही, एवढेच पहारेकऱ्याला आजवर शिकविले गेले आहे. ज्याची दृष्टी बोटांत आहे असा प्रेक्षक आला तर काय करावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

कायद्याच्या बाजूने पाहता आता संदिग्धता उरलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात संग्रहालयांचा स्पष्ट उल्लेख असून भारताने २००७ मध्ये त्या कराराला मान्यता दिली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम २०१७ मध्ये झाले. म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. सुगमतेचे किमान निकष केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाखांवर होती. एवढ्या मोठ्या समाजाचा प्रश्न गवंड्याच्या हाती सोपवून मोकळे होता येणार नाही.

कर्मचाऱ्यांनी शिकावयाचे ते फारसे अवघड नाही. दिव्यांग प्रेक्षकाशी बोलावे, त्याच्या सोबत्याशी नव्हे. अंध व्यक्तीला ओढू नये. आपले कोपर पुढे करावे व तिला ते धरू द्यावे. वस्तूचे वर्णन करताना आधी आकार, आकारमान आणि द्रव्य सांगावे, मग तपशिलाकडे वळावे. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिराशी बोलताना प्रकाशाकडे पाठ करून उभे राहू नये. चाकाच्या खुर्चीला विचारल्याविना हात लावू नये. गोंगाटाने अस्वस्थ होणाऱ्या मुलासाठी शांत कोपरा कोठे आहे, हे ठाऊक असावे. आणि आग लागून उद्वाहन बंद पडले, तर वरच्या मजल्यावरील खुर्चीतील प्रेक्षकाला खाली कोणी व कसे आणावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. या शेवटच्या बाबतीतील अज्ञान केवळ अवमानकारक नाही, ते प्राणघातक आहे.

सर्वांना हात लावू दिला तर वस्तू टिकणार कशा, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर सरसकट मनाईत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये 'अनुभव' नावाचे दालन उघडून स्पर्शासाठी प्रतिकृती मांडल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते, वज्री, दिवे यांसारख्या वस्तू तर मुळात हाताळण्यासाठीच घडविलेल्या. अशा वस्तूंच्या प्रतिकृती करणे कोणत्याही संग्रहालयाला आवाक्याबाहेरचे नाही. परंतु प्रतिकृती मांडली तरी ती केव्हा, कोणाला आणि कशी दाखवावी हे जाणणारा कर्मचारी नसेल, तर तीही काचेआड जाऊन बसेल.

हे प्रशिक्षण देणार कोण? मुंबईपुरते पाहिले तरी १९५२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या एकाच शहरात आहेत. त्यांच्या साहाय्याने वर्ग भरविता येतील. मात्र वर्गात शिकविणारे प्रामुख्याने दिव्यांगच असावेत. चाकाच्या खुर्चीतील माणूस स्वतः दालनातून फिरला, की कोणती काचपेटी नजरेच्या वर आहे हे अर्ध्या दिवसात कळते. ते तज्ज्ञांच्या अहवालातून कळावयास वर्ष लागते.

एकदा शिबिर भरवून, छायाचित्र काढून हा विषय संपणार नाही. अनेक ठिकाणी पहारेकरी कंत्राटदाराकडून येतात व वरचेवर बदलतात. तेव्हा प्रशिक्षणाची अट कंत्राटातच असावी, नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ते मिळावे आणि दरवर्षी त्याची उजळणी व्हावी. तिकीट लेखनिकापासून अभिरक्षकापर्यंत कोणालाही त्यातून सूट नसावी. यासाठी लागणारा पैसा नव्या इमारतीच्या तुलनेत क्षुल्लक आहे. उणीव आहे ती इच्छेची.

शाळेची सहल संग्रहालयात निघते, तेव्हा वर्गातील एखाद्या मुलाला "तुला तेथे जमणार नाही" असे सांगून घरी ठेवले जाते. सांगणारे शिक्षक कठोर नसतात. त्या मुलाचे तेथे काय होईल, याची त्यांना काळजी असते. संग्रहालयातील वारसा साऱ्या समाजाचा आहे, असे पाठ्यपुस्तक ज्या मुलाला शिकविते, त्यालाच आपण त्या समाजाबाहेरचे आहोत असा धडा सहलीच्या दिवशी मिळतो. तो धडा पुसण्याचे सामर्थ्य दारावरच्या माणसात आहे. त्याला ते काम शिकविणे, हे शासनाचे आणि संग्रहालयांच्या विश्वस्तांचे कर्तव्य होय.