गाळलेलें प्रकरण

प्रवासवर्णनाच्या प्रांतांत कांहीं वाक्यें अशीं आहेत कीं, तीं लिहिण्यासाठीं लेखकाला घराचा उंबरठाहि ओलांडावा लागत नाहीं. "येथें काळ जणूं थांबून राहिला आहे" हें त्यांतील अग्रगण्य वाक्य होय. क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्याजवळील त्रिनिदाद या जुन्या शहराविषयीं तें इतक्या वेळां लिहिलें गेलें आहे कीं, आतां तें त्या शहराचें उपनांवच होऊन बसलें आहे. (आपल्याकडे त्रिनिदाद म्हटलें कीं, भारतीय मजुरांच्या वंशजांनीं गजबजलेलें वेस्ट इंडीजमधील बेट डोळ्यांपुढें येतें, तें बेट वेगळें आणि हें शहर वेगळें.) मराठी प्रवासीहि आतां क्यूबापर्यंत जाऊं लागले आहेत, आणि या वाक्याचा मोह त्यांनाहि आवरत नाहीं. हें वाक्य दिसतें तितकें निरुपद्रवी नाहीं. तें खोटें आहे. आणि ज्यांच्या श्रमांवर हें शहर उभें राहिलें त्यांचा, तसाच जे आज तेथें संसार करीत आहेत त्यांचाहि, त्यानें उपमर्द होतो. एवढेंच दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

शहराच्या सौंदर्याविषयीं आमचा वाद नाहीं. दिएगो वेलास्केस यानें १५१४ च्या सुमारास क्यूबांत ज्या पहिल्या सात वसाहती स्थापिल्या त्यांपैकीं ही एक. डोंगराच्या पायथ्याशीं, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर तें वसलें आहे. गोटे बसविलेले वांकडेतिकडे रस्ते, लाल कौलांचीं बैठीं घरें, जमिनीपासून थेट छताकडे झेपावणाऱ्या खिडक्या व त्यांचे कातीव लांकडी गज, मुख्य चौकांत १८९२ सालीं पुरें झालेलें ख्रिस्तमंदिर, आणि भोंवतीं ब्रुनेत, कांतेरो इत्यादि साखरसम्राटांचे वाडे, ज्यांचीं आतां पदार्थसंग्रहालयें झालीं आहेत. सायंकाळच्या तिरप्या उन्हांत पिवळ्या, निळ्या, गुलाबी भिंती उजळून निघाल्या म्हणजे रुक्ष मनुष्याचेंहि पाऊल अडखळावें, असेंच तें दृश्य असतें. तें सुंदर आहे हें म्हणण्यांत चूक नाहीं. तें सुंदर कसें झालें हें न विचारण्यांत चूक आहे.

१९८८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत या शहराचें नांव घातलें तें एकट्याचें नव्हे. शेजारची साखरकारखान्यांची दरी त्याच एका नोंदींत त्याला जोडून दिली. ज्यांनीं ही जोडणी केली त्यांनीं इतिहास नीट वाचला होता. प्रवासी मात्र ती जोडणी सोडवितो. तो शहरासाठीं तीन दिवस राखून ठेवतो आणि दरीसाठीं अर्धा. आणि तो अर्धा दिवसहि मनोऱ्यावरून चित्रें काढण्यांत जातो. म्हणून आपण प्रथम दरीकडे जाऊं.

सान लुइस, सांता रोसा आणि मेयर या एकमेकींस लागून असलेल्या तीन खोऱ्यांची मिळून ही दरी सुमारें २२५ चौरस किलोमीटर भरते. एकोणिसाव्या शतकांतील भरभराटीच्या दिवसांत येथें पन्नासांहून अधिक कारखाने चालत, आणि १८२७ सालीं त्यांत ११,००० हून अधिक गुलाम राबत होते. कारखाना म्हणजे आजच्या सारखें यंत्रमंदिर समजूं नये. आपल्या गुऱ्हाळाचेंच तें अवाढव्य रूप होतें. ऊस पिळणारा चरक, पलीकडे एकाच जाळावर ओळीनें मांडलेल्या लहानमोठ्या काहिली, आणि एका काहिलींतून दुसरींत उकळता रस ओतीत राहणारे हात. हंगाम सुरू झाला म्हणजे हे हात दिवसाचे सोळा-सोळा, अठरा-अठरा तास चालत. आपल्या गुऱ्हाळांतील गडी रात्रीं घरीं जातो. येथें ज्याचा हात भाजे तो गडीच मालकाच्या मालमत्तेच्या यादींत बैलांच्या व काहिलींच्या जोडीला मांडलेला असे. क्यूबा बेटावर आफ्रिकेंतून अशीं सात लाखांहून अधिक माणसें आणून विकलीं गेलीं. १८१७ च्या तहानें स्पेननें हा व्यापार १८२० पासून बंद करण्याचें वचन दिलें होतें. तरीहि पुढें चार दशकें तो चोरून चालूच राहिला.

या दरींत मानाका इस्नागा येथें १८१६ सालीं बांधलेला सात मजल्यांचा एक मनोरा आहे. उंची सुमारें ४५ मीटर. वरची घंटा वाजली कीं गुलामांचें काम सुरू होई आणि ती वाजली कीं तें संपे. प्रार्थनेची वेळ तीच सांगे. आग लागली किंवा एखादा गुलाम पळाला, तर धोक्याची सूचनाहि तीच देई. आजचा प्रवासी थोडें शुल्क भरून लांकडी जिने चढतो, चहूंकडे पसरलेली हिरवी दरी पाहतो आणि धन्य होतो. एवढा मोठा मुलूख एका नजरेंत येतो याचें त्याला नवल वाटतें. पण तो तसा यावा म्हणूनच तर मनोरा एवढा उंच केला! शेतांत वांकलेला कोणी जीव मालकाच्या दृष्टीआड होऊं नये, ही त्या वास्तुशिल्पाची मूळ प्रेरणा. प्रवासी नकळत मुकादमाच्या जागीं उभा राहतो, मुकादमाच्याच डोळ्यांनीं पाहतो, आणि त्या पाहण्याला सौंदर्यदृष्टि म्हणतो.

ही दृष्टि कांहीं आजची नव्हे. ज्या कांतेरोचा वाडा प्रवासी हौसेनें पाहतात, त्या हुस्तो कांतेरोनेंच १८५७ सालीं क्यूबांतील साखरकारखान्यांचा एक भव्य चित्रग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एदुआर्दो लाप्लांतचीं शिळाछापचित्रें अप्रतिम आहेत. आकाश निर्मळ, धुराडीं डौलदार, शेतें आंखीव. आणि माणसें मुंग्यांएवढीं, चेहरे नसलेलीं. प्रवाशांच्या हातीं आज जीं रंगीत चित्रपत्रें पडतात त्यांचा हा मूळपुरुष.

आतां काळ थांबल्याची गोष्ट. भट्ट्या पेटत्या ठेवण्यासाठीं डोंगरांवरचीं रानें तोडलीं गेलीं. जमिनीचा कस गेला. युरोपांत बीटची साखर होऊं लागली. १८५७ नंतर भाव घसरले. १८१९ सालीं वसलेल्या सिएनफ्वेगोसच्या बाजूला सपाट जमिनी व वाफेचीं मोठीं यंत्रें आलीं. पुढें १८६८ ते १८७८ पर्यंतच्या स्वातंत्र्ययुद्धांत दरीची धूळधाण झाली, आणि १८८६ सालीं गुलामगिरीचाहि अंत झाला. धनिक निघून गेले. मागें राहिलेल्यांना जुनें पाडून नवें बांधण्याची ऐपत नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्य रस्ते या शहराला टाळूनच जात राहिले. म्हणजे तेथें काळ थांबला नाहीं, पैसा थांबला. आपल्या आजोळचा पडका वाडा तसाच उभा असतो तो पूर्वजांवरील भक्तीमुळें असें पाहुण्याला वाटतें. भाऊबंदांना खरें कारण ठाऊक असतें. क्यूबांतील रस्त्यांवरून धांवणाऱ्या ज्या जुन्या अमेरिकन मोटारींवर प्रवासी लुब्ध होतात, त्यांचीहि कथा हीच. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेनें व्यापार तोडला, १९६२ मध्यें ती बंदी पुरी झाली, आणि नवी मोटार मिळेना म्हणून जुनीच शिवून-सांधून चालवावी लागली.

या शहरानें एक वेगळा प्रवासीहि पाहिला आहे. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट १८०१ च्या मार्चमध्यें त्रिनिदादला आला आणि तेथूनच पुढच्या सफरीला निघाला. गांवांतील धनिकांनीं त्याचें उत्तम आदरातिथ्य केलें. तरीहि १८२६ सालीं क्यूबावर ग्रंथ लिहितांना त्यानें यजमानांचें मिंधेपण मानलें नाहीं. हवामान, शेती, व्यापार यांच्या जोडीला त्यानें गुलामगिरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलें व तिचा स्पष्ट धिक्कार केला. पुढें १८५६ सालीं थ्रॅशर नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कमध्यें छापलें. क्यूबा अमेरिकेस जोडावा या मताचा हा मनुष्य. त्यानें गुलामगिरीचें प्रकरण तेवढें गाळलें! हम्बोल्ट तेव्हां ८६ वर्षांचा होता. त्यानें वर्तमानपत्रांतून जाहीर निषेध केला व सांगितलें कीं, ग्रंथांतील आंकडेमोडीपेक्षां गाळलेलें तें प्रकरणच आपणांस अधिक मोलाचें वाटतें.

आमच्या मतें आजचीं बहुतेक प्रवासवर्णनें थ्रॅशरच्या परंपरेंतील आहेत. थ्रॅशरनें हेतुपुरस्सर गाळलें, आमचे लेखक आळसानें गाळतात. वाचकाच्या हातीं पडणारा ग्रंथ मात्र दोन्हीं वेळां सारखाच अपुरा असतो.

यावर कोणी म्हणेल, "मनुष्य चार दिवस विसाव्यासाठीं परदेशीं जातो, त्याच्या डोक्यावर दोनशें वर्षांपूर्वींच्या पापांचें ओझें कशाला? शिवाय प्रवाशांच्या पैशावर त्या गरीब गांवाचें पोट चालतें." यांतील दुसरा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही कोणाला जाऊं नका असें म्हणत नाहीं. अवश्य जावें, राहावें, नाच-गाणें ऐकावें. पहिला मुद्दा मात्र टिकत नाहीं. प्रवासी गतकाळाचें ओझें नको म्हणत नाहींच. उलट गतकाळ विकत घेण्यासाठींच तो एवढ्या दूर जातो. त्याला इतिहास हवा असतो, पण निवडक. वाड्यांतील झुंबर हवें, झुंबराची किंमत कोणत्या पिकांतून आली तें नको. ज्याला खरोखर केवळ विसावा हवा आहे त्यानें खुशाल समुद्रकांठीं पडून राहावें. पण जो इतिहासाचें नांव घेऊन लेख लिहितो, त्यानें अर्धा इतिहास सांगून वाचकाकडून पुरी दाद मागूं नये.

दुसरा अन्याय वर्तमानावर होतो. "थांबलेल्या काळांत" राहणाऱ्या माणसाला भूक नसते, मुलांची चिंता नसते, मत नसतें. तो देखाव्याचा एक भाग असतो. पण त्रिनिदादच्या नागरिकाचा काळ भयंकर वेगानें धांवला आहे. १९९१ सालीं सोव्हिएट संघ कोसळला आणि त्याच्या आधारावर चाललेला संसार एका रात्रींत उघडा पडला. १९९७ पासून कायद्याच्या परवानगीनें घराघरांतून प्रवाशांसाठीं खोल्या निघाल्या, आणि शिकविण्याच्या किंवा वैद्यकीच्या पगारापेक्षां पाहुण्यांच्या बक्षिसींत अधिक मिळूं लागलें. २००२ सालीं सरकारनें देशांतील जवळजवळ निम्मे साखरकारखाने बंद केले. ज्या बेटानें १९७० च्या हंगामांत पंचाऐंशी लाख टन साखर काढली, त्याचें उत्पादन अलीकडे पांच लाख टनांच्याहि खालीं आलें आहे. २०२१ नंतर लाखों लोक देश सोडून गेले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्यें सबंध बेटाची वीज एकाच वेळीं गेली. या दुर्दशेंत अमेरिकेच्या बंदीचा वांटा किती आणि तेथील सरकारच्या चुकांचा किती, हा वाद मोठा आहे, आणि दोन्हीं वांटे खरे आहेत. पण वीज नसलेल्या घरांतील मेणबत्तीला "जुन्या काळचा मंद प्रकाश" म्हणणारा लेखक या वादांत कोणत्याच बाजूचा नाहीं. तो केवळ आंधळा आहे.

मराठी वाचकाला हें सारें परक्याचें वाटूं नये. स्पॅनिशांतील साखरेचा 'आसुकार' हा शब्द आपल्या 'शर्करे'चाच वंशज. फारसी-अरबींच्या वाटेनें तो तिकडे पोंचला. आणि साखरेच्या वाटेनें केवळ शब्दच गेले नाहींत. गुलाम मिळेनासे होऊं लागले तेव्हां १८४७ पासून क्यूबाच्या मळेवाल्यांनीं करार लिहून घेऊन चिनी मजूर आणले. पाव शतकांत त्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरांत गेली. याच कराराच्या रीतीनें आपल्या मुंबई बंदरांतून कोंकणांतलीं व देशावरचीं माणसें मॉरिशसच्या उसांत गेलीं, आणि त्यांचे वंशज आजहि तेथें गणेशचतुर्थी साजरी करतात. मॉरिशसच्या मळ्यांवर कोणी "काळ थांबलेलें रम्य बेट" एवढेंच लिहिलें तर आपल्याला राग येईल, आणि तो योग्यच असेल. तोच राग त्रिनिदादच्या दरीसाठीं येऊं नये, असें कोणतें कारण आहे?

त्या मनोऱ्याच्या पायथ्याशीं आज गांवच्या बाया हातानें भरतकाम केलेलीं पांढरीं कापडें दोऱ्यांवर मांडून विकतात. मागच्या बाजूस एका जुन्या चरकावर प्रवाशांना उसाचा रस काढून देतात. ती घंटाहि खालीं उतरवून मालकाच्या घराजवळ ठेवलेली आहे. हात लावतां येईल इतकी जवळ. रस पिऊन झाल्यावर प्रवाशानें तिच्यावर हात ठेवावा, आणि ही कोणासाठीं वाजत होती एवढें आपल्या वहींत टिपून ठेवावें. मग त्याचें प्रवासवर्णन कितीहि साधें उतरलें तरी आम्ही तें आनंदानें वाचूं.