सातवा प्रश्न

परवा तिन्हीसांजेला मामी आल्या त्या हातात कागद घेऊनच. मामांच्या पश्चात घराच्या वाटणीचा दावा चालू आहे. पुतण्याच्या वकिलाने प्रश्नावली बजावण्याची परवानगी कोर्टाकडे मागितली होती. तिची ही नक्कल.

पहिले सहा प्रश्न सरळ. बांधकाम केव्हा झाले, खर्च कोणी केला, पावत्या कोणाकडे आहेत. सातवा मात्र असा : हे घर एकत्र कुटुंबाचे ठरते ते कोणत्या कलमान्वये व कोणकोणत्या निवाड्यांच्या आधारे?

"अरे, तू एवढा एम. ए. झालास, सांग ना! शपथेवर लिहायचं, आणि चुकलं तर?" मामींचा आवाज कापत होता.

माझे एम. ए. मराठीचे! तेव्हा वकीलमित्राला गाठले. तो हसला. दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८च्या कायद्यात, ११व्या आदेशाखाली असे प्रश्न विचारता येतात. कोर्टाने मंजूर करून ते बजावले, की दहा दिवसांत प्रतिज्ञापत्रावर उत्तर द्यावे लागते. पण प्रश्न हकिकतीचा हवा. निव्वळ कायद्याचा कीस मामींनी का पाडावा? ते काम सुनावणीत वकिलांचे.

अमेरिकेत सीमा जरा पुढे आहे. तिथल्या संघीय न्यायालयांत १९७०च्या दुरुस्तीपासून, घडलेल्या गोष्टींना कायदा कसा लागू होतो याबद्दलची तुमची भूमिकाही विचारता येते. हकिकतीला सोडून नुसत्या कायद्याचा प्रश्न मात्र तिथेही चालत नाही. शिवाय वकिलाची स्वतःची तयारी मागता येत नाही. १९४३ साली डेलावेअर नदीत एक टगबोट बुडून नऊपैकी पाच खलाशी दगावले. मृताच्या बाजूने प्रश्न आला : साक्षीदारांचे जे जबाब तुमच्या वकिलाने घेतले, ते द्या. वकिलाने नकार दिला. १९४७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचीच बाजू उचलून धरली. एका न्यायमूर्तींनी तर, प्रतिपक्षाची अक्कल उसनी घेऊन वकिली करण्याची ही सोय नव्हे, अशा अर्थाचा टोला हाणला. (आमच्या परीक्षार्थींना तो ऐकवावासा वाटतो!)

मला मात्र पुतण्याच्या वकिलाचा अगदीच राग येत नाही. समोरचा काय म्हणणार हे आधी कळले, तर निम्मी भांडणे लवकर मिटतील. पण सत्तरीच्या बाईला कलमे विचारायची?

मामींनी ट्रंकेतून सिमेंटच्या पावत्या काढल्या आहेत. सातव्या प्रश्नावर वकिलांनी हरकत लिहून दिली आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची.