स्क्रूभोवतीची पांढरी भुकटी

कोकण किनाऱ्यावर फायबरच्या बोटी वाढल्या, तसे त्यांच्यावर ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे सामानही वाढले: दोर बांधायच्या क्लीट, कठडे, खिडक्यांच्या चौकटी, शिडाच्या बोटींच्या डोलकाठ्या. या सामानावर पांढरी भुकटी धरू लागली, की खाऱ्या वाऱ्यापुढे इलाज नाही म्हणून मालक हात टेकतात. मला हे पटत नाही. भुकटी कुठे धरते ते नीट पाहावे. ती प्रामुख्याने स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूभोवती असते. मोकळा पृष्ठभाग त्या मानाने शाबूत राहतो. वारा सगळीकडे सारखाच खारा असताना धातू झिजतो तो जोडापाशी.

ॲल्युमिनियमवर आपोआप येणारा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. आम्लाच्या द्रावणात वीज सोडून तो वाढवतात; हेच ॲनोडायझिंग. समुद्रावरच्या चांगल्या कामात तो 20 ते 25 मायक्रॉनपर्यंत नेतात. हा थर कठीण असतो आणि वीजही अडवतो. पण बसवताना त्यातून ड्रिल गेले, की भोकाच्या आत उघडा धातू उरतो. त्यात स्टेनलेसचा स्क्रू आणि फटीत साचलेले खारे पाणी, म्हणजे बॅटरीच. तिच्यात ॲल्युमिनियम झिजते, स्टील टिकते. म्हणून भोके ॲनोडायझिंगच्या आधी पाडावीत आणि स्क्रूच्या आट्यांना वीजरोधक पेस्ट लावावी. डोक्याखाली नुसता नायलॉनचा वॉशर पुरत नाही, कारण आटे धातूला टेकलेलेच राहतात.

जस्ताचा तुकडा लावला की झाले, असे कुणी म्हणेल. तो पाण्याखालच्या भागाला वाचवतो; डेकवरच्या क्लीटला त्याचा उपयोग नाही. स्टेनलेसऐवजी ॲल्युमिनियमचे स्क्रू वापरले, तर ताणाच्या जागी ते कमी पडतात. खराब झाले की बदलू, हा हिशेबही फसवा आहे: स्क्रू भोकात जखडतो, आणि झिजलेली क्लीट दोराला ताण बसतो नेमकी तेव्हाच उखडू शकते. जोडांवरचे मीठ गोड्या पाण्याने धुवावे म्हटले, तर उन्हाळ्यात त्या पाण्याची टंचाई असते, ही अडचण मात्र खरी. तरी जोडांवरून ओले फडके फिरवायला बादलीभर पाणी पुरते. धुण्याचा सोडा आणि आम्लाचे क्लीनर कटाक्षाने टाळावेत. दोन्ही ऑक्साइडचा थरच विरघळवतात.

नवी बोट बांधून घेणाऱ्याने पेस्टची अट करारातच घालावी. जुन्या बोटींसाठी पावसाळा सोयीचा. त्या शाकारून ठेवलेल्या असतात तेव्हा एकेक स्क्रू काढून, भोक गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, पेस्ट लावून पुन्हा बसवता येतो.